शिवकांताअक्कांचा सोमवार

लातूर जिल्हा झाला त्या सुमाराला मी तिथल्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवायला लागलो. मागणी, पुरवठा, तेजी, मंदी हे सगळं मी फळ्यावर झकास काढत असे. बाजार म्हणजे काय ते मात्र मला तहसील कचेरीच्या आवारात, कडुलिंबाखाली पोतं टाकून बसणाऱ्या एका बाईंनी शिकवलं. त्यांचं नाव शिवकांताबाई. सारं गाव त्यांना अक्का म्हणे.

अक्का अर्जनवीस होत्या. लोकांचे अर्ज, खरेदीखतं, इसारपावत्या लिहून द्यायच्या आणि त्यावर घर चालवायचं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून कानाला दोरा. लिहिताना टाक जास्त भरला की त्या तो सरळ डोक्याच्या केसांना पुसत. पिकलेल्या केसांत उजव्या कानावर त्यामुळे एक निळी बट कायमची बसली होती. नवीन माणूस त्या बटेकडेच बघत राही. अक्का म्हणत, "बगून झालं का? आता काम सांगा."

हा धंदा मूळचा त्यांच्या मालकांचा. त्यांच्या अंगावरून वारं गेलं, उजवा हात लुळा पडला. ते शेजारी बसून सांगत आणि अक्का लिहीत. पहिल्या वर्षी त्यांनी सांगितलेलं लिहिलं, दुसऱ्या वर्षी त्यांच्या चुका काढल्या, तिसऱ्या वर्षी मालक नुसते शेजारी बसून पान खात. ते वारल्यावर अक्का परवाना आपल्या नावावर करून घ्यायला गेल्या, तेव्हा साहेबांनी मान हलवली. "बाईमाणूस कचेरीच्या आवारात कसं बसणार?"

"साहेब," अक्का म्हणाल्या, "तीन वर्सं झाली बसून राहिले. तुमी वरून कधी बगितलं न्हाई, तर त्यात माझी काय चूक?"

परवाना मिळाला. ही गोष्ट मला त्यांच्या शेजारचा चहावाला प्रत्येक वेळी नव्यानं सांगायचा आणि प्रत्येक वेळी साहेब आणखी थोडा लठ्ठ व्हायचा.

मी पहिल्यांदा गेलो तो खोलीचा भाडेकरार लिहून घ्यायला. माझ्यापुढं मलंगबी नावाची म्हातारी बसली होती. गावाच्या कडेला तिचा भाजीचा मळा होता, त्यातला निम्मा तुकडा ती एका ठेकेदाराला विकत होती. मजकूर ठेकेदारानंच कच्च्या कागदावर लिहून आणला होता. त्यात बदल करायचा नाही, नुसता स्टॅम्पवर उतरवायचा, असं त्याचं म्हणणं. अक्कांनी उतरवला. मग चष्मा सारखा केला आणि वाचायला सुरुवात केली. ही त्यांची रीत होती. लिहिलेला कागद त्या मोठ्यानं, सावकाश, दोन्ही बाजूंना कळेल अशा बोलीत वाचत, आणि ऐकल्याशिवाय कोणाला सही करू देत नसत.

"वाचायची काय गरज हाय अक्का?" ठेकेदार घड्याळ बघत म्हणाला.

"माझ्या कानाला गरज हाय," अक्का म्हणाल्या आणि वाचत राहिल्या. पूर्वेला नाला, पश्चिमेला रस्ता, झाडाझुडपांसह, विहिरीसह...

"बावडी?" मलंगबी ताडकन ताठ झाली. "बावडी मैं कब बेची रे?"

पाऊस हरवल्याचं ते दुसरं वर्ष. गावात टँकर आला की बायका हांडे घेऊन पळत. त्या मळ्यातली विहीर अजून पाणी देत होती, आणि जमिनीपेक्षा ती विहीर मोलाची होती. ठेकेदार म्हणाला, तसं बोलण्यात आलं होतं. मलंगबी म्हणाली, तिच्या बोलण्यात तरी आलं नव्हतं. अक्कांनी दोघांकडे एकदाच बघितलं.

"नै बेची ना, अम्मा? तो फिर काटते." आणि तो शब्द खोडून त्यांनी दोघांची सही घेतली. मलंगबी उठली ती अक्कांच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. तिच्या बोटांना शाई लागली.

मी नंतर जायला लागलो ते चहाच्या निमित्तानं. अक्का दुपारी बरोबर एकला भाकरी सोडायच्या, आणि तेवढा अर्धा तास कलेक्टर आला तरी लिहायचं नाही. त्या वेळात त्या बोलत. एकदा मी म्हणालो, "अक्का, भाव म्हणजे काय हे मला वर्गात सांगायला दोन तास लागतात."

"दोन तास?" त्यांनी चटणी पुढं सरकवली. "घेणाराला भ्या वाटतं, उद्या मिळणार न्हाई. देणाराला भ्या वाटतं, उद्या कोणी घेणार न्हाई. ज्याचं भ्या मोठं, त्यानं वाकायचं. तेला भाव म्हंत्यात. खावा."

पुढच्याच महिन्यात गावाला माळाचं वेड लागलं.

जिल्हा झाला म्हणजे कलेक्टरची कचेरी बांधणार, कोर्ट बांधणार, साहेबांचे बंगले होणार. कुठं होणार ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि म्हणूनच प्रत्येकाला खात्रीनं माहीत होतं. गावाबाहेर एक खडकाळ माळ होता. तिथं कुसळंही धड उगवत नसत. कचेरी त्या माळाला लागून होणार अशी हूल उठली. माळाच्या मालकानं चुन्याच्या रेघा ओढून प्लॉट पाडले आणि इसारावर विकायला काढले. इसार म्हणजे सौद्याचा थोडा पैसा आगाऊ द्यायचा, पावती घ्यायची, बाकीची रक्कम सहा महिन्यांनी.

पण सहा महिने थांबतंय कोण? पावती घेतलेला माणूस आठवड्यानं तीच पावती दुसऱ्याला चढ्या भावानं देई. दुसरा निम्मे रोख देई आणि निम्म्याची चिठ्ठी लिहून देई. तो तिसऱ्याला विकी. माळ तिथंच होता, त्यावर एक वीट चढली नव्हती, आणि त्याचे कागद गावभर हिंडत होते. दुष्काळामुळं तर हे जास्तच चाललं. शेतात काही नव्हतं, मोंढ्यात माल येत नव्हता, डाळ मिल आठवड्यातून तीन दिवस बंद. गावात वाढत होता तो फक्त माळाचा भाव. साहजिकच ज्याच्याकडं होतं-नव्हतं ते सगळं तिकडं धावलं.

अक्कांच्या पोत्यासमोर गर्दी झाली. त्यांची इतकी कमाई आधी कधी झाली नव्हती. पण त्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारायच्या. "बांधायला घेता का इकायला?" विकायला म्हणणाऱ्याला त्या पलीकडच्या लेखनिकाकडं पाठवीत. लवकरच गावात बातमी फिरली, अक्कांकडं जायचं तर बांधायला म्हणायचं. मग अक्कांनी पुढचा प्रश्न काढला. "दार कोणत्या दिशेला करणार?" त्यावर पुष्कळ जण आभाळाकडं बघत.

एका दुपारी भाकरी खाता खाता त्या मला म्हणाल्या, "सर, आज सकाळधरून सतरा जण आले. ऱ्हायाला जाणारा एक बी न्हाई. सगळेच जर इकणारे, तर घेणारा कोण?"

खरं सांगायचं तर मला ते नीट ऐकायचंच नव्हतं, कारण माझ्या खिशात दोन महिन्यांचा पगार होता. भाकरी संपल्यावर मी घसा साफ करून म्हणालो, "अक्का, एक चिठ्ठी लिहायची होती. माझीच."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बांधायला का इकायला?"

"बांधायला."

"दार?"

"उत्तरेला," मी पाठ केलेलं म्हणून टाकलं.

"सर," अक्का टाक शाईत बुडवत म्हणाल्या, "लेक्चर बी असंच देता का?" आणि त्यांनी लिहून दिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं. मी खाली मान घालून सही केली.

माझा प्लॉट मी एका किराणा दुकानदाराकडून घेतला. पुढं माझा मी खाजामियाँ कंपाउंडरला दिला, नुसत्या चिठ्ठीवर. मारुती शिंप्यानं एक प्लॉट खाजामियाँकडून घेतला होता आणि दुसरा कोणाला तरी विकला होता. असं सगळं. कागदावर आम्ही सगळे श्रीमंत झालो होतो. मारुतीनं दुकानाला निळा रंग दिला. मी एक स्कूटर बघून ठेवली.

आणि एका सकाळी मोजणीचे खांब गावाच्या भलत्याच अंगाला रोवलेले दिसले. कचेरी तिकडं.

दुपारपर्यंत माळाला भाव उरला नाही. भाव पडला असंही म्हणता येत नव्हतं. पडायलासुद्धा कोणीतरी कमी भाव सांगावा लागतो. कोणी काहीच सांगत नव्हतं. काल ज्याच्या दारात चार जण पावती मागायला उभे होते, त्याच्या दारात आज दहा जण पैसे मागायला उभे राहिले. खाजामियाँनं मारुतीची शिलाई मशीन उचलून नेली. किराणा दुकानदार माझ्या खोलीसमोर ठाण मांडून बसला. मी खाजामियाँकडं गेलो तर तो म्हणाला, "सर, मेरेकू मारुती से लेनेका है. पैले वो देगा, फिर मैं तुमकू देतूं." डाळ मिलमधल्या दगडू हमालानं बायकोच्या पाटल्या मोडून शेवटच्या आठवड्यात चढ्या भावानं घेतलं होतं. त्यानं चिठ्ठी लिहून दिली होती ती अडत दुकानाच्या वसंतराव मुनिमाला. मुनीम आता त्याच्या घराचे कागद मागत होता. दगडूचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पत्रा. दोन दिवसांत गावात तीन मारामाऱ्या झाल्या, एकाचं डोकं फुटलं. अक्कांकडंही लोक आले. मागची तारीख टाकून कागद करून द्या म्हणाले. अक्का म्हणाल्या, "शाई संपली," आणि दौतीवर झाकण घट्ट लावलं.

तीन दिवस त्यांनी एकही कागद लिहिला नाही. कडुलिंबाखाली बसून त्या आपल्या जुन्या नकला चाळत होत्या. शनिवारी त्यांनी चहावाल्याकरवी गावात निरोप धाडला. ज्याची ज्याची चिठ्ठी माझ्या हातची हाय, त्यानं सोमवारी सकाळी यावं, चिठ्ठ्या घेऊन यावं, आणि येताना काठी आणू नये.

सोमवारी आवार भरलं. माझे दोन विद्यार्थी भिंतीवर बसलेले मी बघितले आणि न बघितल्यासारखं केलं. अक्का उभ्या राहिल्या. त्या फारशा कधी उभ्या राहत नसत, म्हणून असेल, सगळे पुढं सरकले.

"पहिल्यांदा एक सांगते," त्या म्हणाल्या. "माळाच्या मालकाला जो इसार दिला तो गेला. पहिल्या पंगतीला जेवले ते हात धुऊन गेले. तेवढं नुकसान खरं हाय, त्यासाठी घरी जाऊन रडून घ्या. पन बाकीचं जे भांडान लावलंय, ते खरं का खोटं, हे आज बगू. मारुती, तू कोणाला देणं लागतो?"

"खाजामियाँला."

"त्याच्या मागं उभं ऱ्हा. खाजामियाँ, तुमी?"

"सर कू."

"सरांच्या मागं. सर, तुमी?"

मी मान खाली घालून किराणा दुकानदाराकडं बोट केलं. अक्कांनी मला त्याच्यामागं धाडलं. मग बाकीच्यांना बोलावलं. ज्याला देणं, त्याच्या मागं उभं राहायचं, एवढंच. एक जण दुसऱ्याच्या मागं, दुसरा तिसऱ्याच्या मागं. रांग कडुलिंबाला वळसा घालून चहाच्या टपरीपर्यंत गेली, तिथून वळली, भिंतीच्या कडेनं परत आली. अकरा जण झाले. रांगेचा सगळ्यात पुढचा माणूस उरला, त्याला अक्कांनी विचारलं, "आन् तू रे? तू कोणाला देणं लागतो?"

त्यानं समोर बघितलं. समोर रांगेचं शेपूट होतं, आणि शेपटाला मारुती उभा होता.

"मारुतीला," तो म्हणाला.

मग चहावाला जोरात हसला, आणि त्याच्या हसण्यानं आवारातल्या सगळ्यांना एकदम कळलं. आम्ही अकरा जण गोल उभे होतो. प्रत्येक जण पुढच्याच्या मानगुटीकडं बघत होता आणि मागचा त्याच्या. प्रत्येकाला वाटत होतं आपण बुडालो, कारण प्रत्येकानं देण्याचा आकडा डोक्यात धरला होता आणि येण्याची चिठ्ठी खिशात.

"आकडे कमी-जास्त हायेत," अक्का म्हणाल्या. "सगळ्यात लहान चिठ्ठी सरांची. तेवढं सगळ्यांचं फिटलं. वरचा फरक ऱ्हातो तो सावकाश द्या, दिवाळीपर्यंत. बुडवायचा न्हाई. काय, पटतंय का?"

मारुतीनं पहिली चिठ्ठी फाडली. तो फाडण्याचा आवाज मी अजून सांगू शकेन कसा होता. मग सगळीकडून तसाच आवाज आला. खाजामियाँ मारुतीच्या गळ्यात पडला आणि रडत म्हणाला, "मशीन आजच भेजवातूं, भाई." संध्याकाळी हातगाड्यावरून ती मशीन खरोखरच परत आली, आणि मारुती मिरवणुकीसारखा पुढं चालत होता.

अशा आणखी दोन रांगा जुळल्या. पण दगडू हमाल कुठल्याच रांगेत बसेना. त्याला फक्त द्यायचं होतं. आणि मुनिमाला फक्त घ्यायचं होतं. दोघं समोरासमोर उभे राहिले.

"कायद्यानं माझे पैसे हायेत, अक्का," मुनीम म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. तो वाईट माणूस नव्हता, हिशोबी होता.

"हाव," अक्का म्हणाल्या. "कायद्यानं तुमचेच. म्याच लिहिलंय. दगडूचं घर घ्या."

दगडूनं डोळे मिटले.

"घेतलं, समजा," अक्का पुढं बोलल्या. "मग इकणार कोणाला? आज गावात घर घेणारा एक मानूस दाखवा. तुमी पडेल त्या भावात काढलं, की दुसरे म्हणणार, मुनिमासारखा हुशार मानूस इकून राहिला, म्हंजी अजून पडणार. ते बी काढणार. मग त्या आळीतल्या सगळ्या घरांचा भाव मातीमोल. वसंतराव, दगडूच्या भिंतीला लागून कोणाचं घर हाय?"

सगळ्या गावाला माहीत होतं. दगडूच्या भिंतीला लागून मुनिमाचंच घर होतं, माडीचं, दोनच वर्षांपूर्वी बांधलेलं.

"तुमचा इसार रोखीनं परत निघाला का?"

"निघाला."

"वर काही सुटलं?"

"सुटलं थोडं."

"मग ही चिठ्ठी कशाची हाय? माळावर जे कधी झालंच न्हाई, तेची."

मुनिमानं टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. मग त्यानं खिशातून चिठ्ठी काढली, एकदा पूर्ण वाचली, चार तुकडे केले आणि दगडूच्या हातात दिले. "चूल पेटवायला घे," एवढंच म्हणाला आणि वळून चालायला लागला. चार पावलं गेला असेल, तोच मागून टाळी वाजली. एकानं वाजवली, मग शंभरांनी. मुनीम थांबला. त्याला वाटलं टाळ्या अक्कांसाठी आहेत, म्हणून तोही वळून टाळ्या वाजवायला लागला. मग दगडूनं त्याला कडकडून मिठी मारली आणि त्याची टोपी खाली पडली.

त्या सोमवारनंतर गावात कोणाचं घर गेलं नाही. माझे दोन पगार गेले ते गेले, स्कूटर घ्यायची राहिली, आणि वर्गात तेजी-मंदीचा धडा मी त्या वर्षापासून फळ्यावर न काढता पोरांना गोल उभं करून शिकवला. प्राचार्यांनी एकदा विचारलं, हे काय चाललंय. मी म्हणालो, प्रात्यक्षिक. वाणिज्यात प्रात्यक्षिक असतं हे त्यांना नवीन होतं.

अक्कांना मात्र त्याचं काही विशेष वाटलं नाही. मी एकदा म्हणालो, "अक्का, तुम्ही त्या दिवशी गाव वाचवलं." त्या टाक केसांना पुसत म्हणाल्या, "वाचवलं कसलं? एकमेकांची तोंडं बगायला लावली. आधी सगळे फकस्त माळाकडं बगून राहिले होते."

लोकांनी ते वेगळ्या तऱ्हेनं मानलं. दुसऱ्या महिन्यापासून गावात काही घ्यायचं-द्यायचं निघालं की दोन्ही बाजू आधी कडुलिंबाखाली येत, आणि ठेकेदारसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत गुमान ऐकून घेत. पलीकडच्या लेखनिकानंही मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, पण त्याला दम लागायचा.

चार वर्षांनी माझी बदली नांदेडकडच्या उमरीच्या कॉलेजात झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी अक्कांना भेटायला गेलो तर पोतं रिकामं होतं. चहावाला म्हणाला, नातीचा निकाल लागलाय, वकिलीच्या पहिल्या वर्षाला पास झाली, आज अक्का यायच्या नाहीत. तीस वर्षांत पहिली सुट्टी. मी थोडा खट्टू झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी नांदेडची एसटी गंजगोलाईपाशी, बाजारातल्या त्या गोल चौकात, गर्दीत अडकली. कंडक्टर खाली उतरून कोणाशी तरी भांडत होता. मी खिडकीतून बाहेर बघत होतो, तेवढ्यात समोरून, चुकीच्या बाजूनं, एक मोपेड आली. चालवत होती बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी, ओढणी कमरेला खोचलेली. आणि मागं अक्का. एका बाजूला पाय सोडून, एक हात नातीच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा, पदर वाऱ्यावर उडालेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि तोंड सताड उघडं. त्या खदाखदा हसत होत्या. चार वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

चौकातल्या पोलिसानं त्यांना बघून जोरात शिट्टी फुंकली. अक्कांनी मान वळवली, पुड्यातून एक पेढा काढून चालत्या गाडीवरून त्याच्या हातावर ठेवला, आणि नातीच्या पाठीवर थाप मारून ओरडल्या, "चल ग, थांबू नको!"

पोलीस पेढा हातात धरून उभा राहिला. मी खिडकीतून हाक मारली, पण मोपेड गोलाईला वळसा घालून केव्हाच पुढं निघून गेली होती.